मार्फत

वडिलांच्या लोखंडी पेटीत तळाशी एक खाकी पाकीट आहे. वर टंकलेखन यंत्राच्या अक्षरांत वडिलांचं नाव, त्याखालच्या ओळीत 'मार्फत' आणि त्यापुढे आमच्या चुलत आजोबांचं नाव, मग गल्ली, मग देवास. आत मुलाखतीचं बोलावणं. वडील धारला राहत होते. सत्तरच्या दशकात देवासला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि माळव्यातली मराठी मुलं तिकडे अर्ज करत होती. धारला तेव्हा रेल्वे नव्हती. इंदूरवरून बस बदलत जवळपास शंभर किलोमीटर यायचं. देवासचा पत्ता दिला तर पत्र लवकर हाती पडेल आणि साहेबांनाही मुलगा इथलाच वाटेल, असा वडिलांनी विचार केला. पत्र खरोखरच वेळेवर आलं. पण चुलत आजोबा आषाढीला पंढरपूरला गेले होते, आजीला वाचता येत नव्हतं, आणि पाकीट देवळीत दिव्यामागे पडून राहिलं. ते वडिलांच्या हातात आलं तेव्हा मुलाखत होऊन नऊ दिवस झाले होते. नोकरी त्यांना पुढच्या वर्षी दुसरीकडे लागली. चुलत आजोबांना त्यांनी कधी दोष दिला नाही. पाकीट मात्र फेकलं नाही.

मी स्वतः देवासच्या एका कारखान्यात आवक-जावक विभागात तीस वर्षं काढली. रोज शेकडो पाकिटं हाताखालून गेली. त्यामुळे पत्ता म्हणजे काय, यावर माझा विचार माझ्या कामातूनच झालेला आहे. आज नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींची ईमेलची, ओटीपीची, पासवर्डची जी ओढाताण मी बघतो, ती मला या 'मार्फत' शब्दाशिवाय नीट उलगडत नाही.

शब्द अरबी आहे, फारसीतून मराठी दप्तरात आला आणि इथलाच झाला. मूळ अर्थ जाण, ओळख. ज्याची ओळख आहे त्याच्याकडून, म्हणजे मार्फत. ज्याला स्वतःचं दार नाही त्याला दुसऱ्याच्या दारावर आपलं नाव टाकावं लागतं. तो दुसरा भला असतो, म्हणून तर त्याचं नाव आपण लिहितो. पण तो गावाला जातो, आजारी पडतो, त्याला त्या पाकिटाचं महत्त्व ठाऊक नसतं. मार्फतची अडचण माणसाच्या वाईटपणातून येत नाही. माझ्या भविष्याची निकड त्याला माझ्याइतकी असू शकत नाही, एवढंच तिचं कारण आहे.

पत्ता नेमका असणं किती गरजेचं, हे देवासच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. १७२८ च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांनी इथे राज्य स्थापन केलं आणि पुढे एकाच गावात दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार. एकाच रस्त्याची एक बाजू एका पातीची आणि समोरची दुसऱ्या पातीची. नुसतं 'देवास दरबार' म्हणून चालत नसे, कोणती पाती ते सांगावं लागे. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून काही महिने इथे होते. त्यांनी इथून घरी लिहिलेली पत्रं पुढे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात आली. ती टेकडी म्हणजे आमची माताजींची टेकडी. एका लहानशा गावाची वाटणी कशी असते हे बाहेरच्या जगाला कळलं ते त्या पत्रांतून, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्या, न लागणारी अक्षरं, या सगळ्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. पहिला आकडा विभागाचा. त्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांना ४ मिळाला. पुणे ४११००१, धार ४५४००१, देवास ४५५००१. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या आणि आम्ही मध्य प्रदेशचे झालो, पण पाकिटावर आमचा आणि पुण्याचा आरंभ एकाच आकड्यानं होतो. जावकच्या टेबलावर पिनकोड लिहिताना मला दर वेळी ते जाणवायचं.

या सगळ्या पत्त्यांना जमीन होती. दार होतं, उंबरठा होता, पोस्टमन होता. ईमेलचा पत्ता कोणत्याच जमिनीवर नाही. तो धारमध्ये नसतो आणि देवासमध्येही नसतो. मग तो कुणाचा? ज्याच्याकडे किल्ली आहे त्याचा. आणि इथेच जुन्या आणि नव्या पत्त्यात एक मोठा फरक पडला आहे. जुन्या पाकिटावर 'मार्फत' उघड लिहिलेलं असे. पाठवणाऱ्याला दिसे, पोस्टमनला दिसे, आपल्यालाही दिसे की हे पत्र आधी दुसऱ्याच्या हातात पडणार आहे. ईमेलवर नाव माझं असतं आणि मार्फत आत दडलेली असते. पासवर्ड कुणाला पाठ आहे, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो, खातं बंद पडलं तर परत मिळवण्यासाठी कुणाचा नंबर दिला आहे, हे बाहेरून दिसत नाही. बहुतेक मुलांना स्वतःच्या खात्याबद्दलही ते ठाऊक नसतं.

माझ्या भाचीची गोष्ट सांगतो. बहीण धारला दिलेली. भाची बीएससी झाली आणि भरतीचे फॉर्म भरू लागली. तिथल्या एका दुकानात सगळे फॉर्म भरत, तिनंही भरला. दुकानदारानं विचारलं, "ईमेल आहे का?" ती म्हणाली, नाही. त्यानं स्वतःच्या दुकानाचा ईमेल टाकला. मोबाइल तिच्या वडिलांचा, कारण तेव्हा तिच्याकडे वेगळा नंबर नव्हता. दुकानदारानं यात काही वावगं केलं नाही. रांगेत वीस मुलं उभी होती आणि शेवटची तारीख होती. पावती तिनं जपून ठेवली. परीक्षा दिली, लेखी निकालात नाव लागलं. कागदपत्रांच्या पडताळणीची तारीख ईमेलवर आणि एसएमएसवर आली. ईमेल दुकानाच्या खात्यात गेला, जिथे शेकडो मुलांचे ईमेल न उघडलेले पडले होते. आणि एसएमएस गेला एका अनोळखी बाईला.

तो असा. मेव्हण्यांनी मधल्या काळात दुसरं सिम घेतलं आणि जुन्याचं रिचार्ज थांबवलं. नंबर वापरात नसला की कंपनी तो बंद करते, आणि बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवस थांबून दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. नंबर ही मालमत्ता नाही, वापरापुरती मिळालेली वस्तू आहे, हे आपल्या घरात कुणी मनावर घेत नाही. आपण नंबर सोडतो, पण त्या नंबरावर बँक, आधार, भरतीची नोंदणी, गॅस सगळं तसंच लटकत राहतं.

निकालानंतर बरेच दिवस काही कळेना, म्हणून भाची माझ्याकडे देवासला आली. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. संकेतस्थळावर तिचं खातं उघडायला ओटीपी हवा, नंबर बदलायलाही जुन्या नंबरावरचाच ओटीपी हवा. तिनं त्या नंबरावर फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, बोलण्यातून निमाडकडच्या वाटल्या. भाचीनं सगळं समजावून सांगितलं आणि विनवलं, "दीदी, बस एक नंबर आयेगा, वो बता दीजिए." बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नहीं बेटा, ओटीपी किसी को नहीं बताते," आणि फोन ठेवला. भाचीचे डोळे भरून आले. मी तिला म्हटलं, त्या बाईंनी बरोबर केलं. तुला कुणी असा फोन केला तर तूही हेच करायला हवंस. तिला ते त्या क्षणी पटणं कठीण होतं, पण थोड्या वेळानं तिनं मान हलवली. पडताळणीची तारीख तोवर उलटून गेली होती.

पन्नास वर्षांपूर्वी देवळीतलं पाकीट आणि आता हे. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग मी तिच्याच मैत्रिणींना आणि आमच्या कॉलनीतल्या मुलींना विचारत गेलो आणि एक गोष्ट लख्ख दिसली. मुलांची मार्फत बहुधा दुकानापुरती असते आणि एकदा सुटते. मुलींची सुटत नाही, ती हात बदलते. नोंदणी वडिलांच्या नंबरावर. लग्न ठरलं की नवीन सिम, बहुतेकदा नवऱ्याच्या नावावर. ईमेलमध्ये माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, गुणपत्रिकेवर पुन्हा माहेरचं. सासरी गेल्यावर 'आता त्या जुन्या ईमेलचं काय काम' म्हणून तो सुटतो. चार वर्षांनी मूल शाळेत जाऊ लागलं, पुन्हा नोकरी शोधावी असं मनात आलं, की पदवीचं, अनुभवाचं, जुन्या अर्जांचं सगळं अशा एका खात्यात असतं ज्याची किल्ली माहेरच्या बंद नंबराबरोबर हरवली. गूगलनं डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला सुरुवात केली आहे. म्हणजे जुनं घर कुलूपबंद तरी असेल ही आशाही उरली नाही. त्या मुलींनी मला हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, सहज सांगितलं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं.

म्हणून मी आता कुणालाही पहिली गोष्ट ही सांगतो की नोकरीसाठीचा ईमेल वेगळा आणि स्वतःचा काढा, स्वतःच्या नावावरच्या सिमवर. नावात आडनाव घालायलाच हवं असं नाही. पहिलं नाव आणि वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुरतं, ते आयुष्यभर बदलत नाही. जन्मसाल घालू नका, ते पुष्कळ ठिकाणी ओळख पटवायला विचारतात. फोनवर एका दमात सांगता येईल असा असावा, कारण मुलाखतीच्या आधी कुणीतरी बाई घाईत तो लिहून घेणार असते. कॉलेजनं दिलेला ईमेल वापरू नका, कॉलेज सुटल्यावर तो केव्हाही बंद होतो. सध्या नोकरी असेल तर कंपनीच्या ईमेलवरून दुसरीकडे अर्ज तर मुळीच नको. जीमेलमध्ये नावातल्या टिंबाला काही अर्थ नसतो, टिंब दिलं काय, न दिलं काय, पत्र एकाच खात्यात येतं. हे ठाऊक नसल्यानं मुली घाबरतात की फॉर्मवर टिंब चुकलं. आणि नावापुढे अधिकचं चिन्ह देऊन एखादा शब्द जोडला तरी पत्र तुमच्याचकडे येतं. खासगी नोकरीच्या प्रत्येक संकेतस्थळाला असा वेगळा शब्द जोडून पत्ता दिला, तर पुढे नको ती पत्रं यायला लागल्यावर आपला पत्ता कुणाकडून बाहेर गेला ते समजतं. काही फॉर्म ते चिन्ह घेत नाहीत, तिथे साधा द्यावा.

दुसरी गोष्ट आवक-जावकची. कारखान्यात आमच्याकडे दोन जाड रजिस्टरं असत. जावकमध्ये क्रमांक, तारीख, कुणाला, कशाबद्दल. आवकमध्ये उत्तर आलं की त्या जावक क्रमांकाचा उल्लेख. एवढ्या एका शिस्तीवर सगळा कारभार चालत असे. नोकरी शोधणाऱ्याला तेच हवं. दोनशे पानी वही घ्या. अर्ज केला की तारीख, कुठे, नोंदणी क्रमांक, कोणता ईमेल दिला, कोणता मोबाइल दिला. पासवर्ड त्यात लिहू नका, तो फोनमधल्या पासवर्ड व्यवस्थापकात ठेवा, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, कारण एका संकेतस्थळावरून चोरीला गेलेली किल्ली चोर लगेच दुसऱ्या दारांना लावून बघतात. उरलेली नोंद कागदावरच हवी. अर्ज भरल्यापासून बोलावणं येईपर्यंत सरकारी भरतीत सहज वर्ष जातं, आणि वर्षानंतर आठवणीवर विसंबणं म्हणजे पुन्हा देवळीच. कधीकधी दारच बदलतं. कर्मचारी निवड आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये नवीन संकेतस्थळ आणलं, तेव्हा जुनी नोंदणी असलेल्यांनाही ती नव्यानं करावी लागली. म्हणून बातमीची वाट न बघता आठवड्यातून एकदा, माझ्या मते रविवारी सकाळी, वहीतल्या प्रत्येक जागी स्वतः जाऊन बघावं.

त्याच बैठकीत स्पॅमचा कप्पाही उघडायचा. जीमेल तिथली पत्रं तीस दिवसांनी आपोआप पुसतं, आणि लहान कंपन्यांची खरी बोलावणी तिथे जाऊन पडतात. आणखी एक जागा आहे जी कुणी बघत नाही. जीमेलची मोफत जागा १५ जीबी, आणि ती फोनमधल्या फोटोंबरोबर वाटलेली असते. घरातल्या लग्नाचे व्हिडिओ चढले आणि जागा भरली की ईमेल येणंच थांबतं. पाठवणाऱ्याला पत्र परत जातं, कोणतं पत्र आलं होतं ते तुम्हाला कळत नाही. नोकरीचा ईमेल वेगळा ठेवा म्हणतो त्याचं हेही एक कारण.

फसवणुकीबद्दल फार लिहीत नाही, वर्तमानपत्रं रोज लिहितात. एवढंच बघा की नेमणुकीचं पत्र ज्या पत्त्यावरून आलं त्यात 'ॲट'च्या पुढे कंपनीचं नाव आहे की साधा मोफत ईमेल. नोकरी देणारा तुमच्याकडे पैसे मागत नाही, ना गणवेशाचे, ना सुरक्षा ठेवीचे. दिले गेलेच तर त्याच तासाला १९३० वर फोन करा, लाज बाळगू नका.

किल्लीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण मार्फत तिथेच तुटते. खात्याला दुहेरी पडताळणी लावली की पासवर्डबरोबर फोनही लागतो. मग फोन हरवला तर? त्यासाठी गूगल दहा राखीव संकेत देतं, प्रत्येकी आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. हे दहा संकेत कागदावर उतरवून गुणपत्रिकांच्या फाइलमध्ये ठेवायचे. आपल्या घरात दहावीचं प्रमाणपत्र जपतात तसा कागद दुसरा कुठलाच जपत नाहीत, घर बदललं तरी ती फाइल आधी उचलतात. म्हणून त्याच फाइलमध्ये. तो कागद हाती असला आणि पासवर्ड आठवत असला की नंबर गेला, फोन गेला, तरी आपण आपल्या दारात शिरू शकतो, कुणा अनोळखी बाईला विनवावं लागत नाही.

भाची पुढच्या महिन्यात पुन्हा आली. या वेळी तिच्या नावावरचं सिम घेऊन. पीथमपूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत जागा होती, तिथे अर्ज करायचा होता आणि राज्याची पुढची भरतीही निघाली होती. आम्ही त्याच टेबलाशी बसलो. ईमेलचं नाव तिनं ठरवलं, आडनाव घातलं नाही. संकेत तिनं पाटीवर गिरवावेत तसे सावकाश उतरवले, दोनदा ताडून पाहिले, आणि कागद दहावीच्या प्रमाणपत्रामागे सरकवला. मी वडिलांचं खाकी पाकीट तिला दाखवलं. तिनं ती दुसरी ओळ बोटानं वाचली आणि काही बोलली नाही.

पण हे सगळं होण्याआधी, नाव ठरल्यावर, पासवर्डची वेळ आली होती. तिनं फोन माझ्याकडे सरकवला.

"मामा, तुम्हीच टाका ना काहीतरी. तुम्हाला माहीत असलेला बरा, मी विसरले तर..."

मी फोन परत तिच्या बाजूला सरकवला, खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसलो. टेकडीवर आरतीची घंटा सुरू झाली होती. मागे तिची बोटं काचेवर टकटक करत होती, मध्ये थांबत होती, पुन्हा चालत होती. बराच वेळ लागला तिला. मी वळलो नाही.

"झालं, मामा," ती म्हणाली.